साडेआठ मीटरचा व्हिडिओ

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत ७.२६० किलोचा गोळा साडेआठ मीटर गेला की मुलाला पंधरापैकी पंधरा गुण मिळतात. रेघेच्या आत पडला की बारा, आणि तिथून पुढे घसरण. मुलींचा गोळा चार किलोचा, पूर्ण गुणांची रेघ सहा मीटरवर. मुलांना १६०० मीटर धावायचं, त्याला वीस गुण. पूर्ण वीस हवे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांत यायचं. शंभर मीटरला पंधरा गुण, त्यासाठी साडेअकरा सेकंद. असे एकूण पन्नास. शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या कुठल्याही गावात भरतीची तयारी करणाऱ्या पोराला हे आकडे विचारा, तो न अडखळता सांगेल. त्याच्या भाषेत या सगळ्याला ‘ग्राउंड’ म्हणतात. ग्राउंडला किती पडले, ग्राउंड निघालं का, ग्राउंड चांगलं गेलं पण लेखीत मेरिट लागलं नाही. गावागावांतल्या घरांत वर्षाकाठी कित्येकदा ही वाक्यं बोलली जातात.

या आकड्यांभोवती आता एक नवीन सवय रुजली आहे. एकजण गोळा फेकतो आणि दुसरा बाजूला मोबाईल धरून उभा राहतो. पूर्वी फेक झाली की दोघं टेप घेऊन धावायचे. आता आधी स्क्रीनवर वाकतात, मग टेप. व्हिडिओ मागे घ्यायचा, हळू करायचा, थांबवायचा, आणि बोटाने दाखवायचं: बघ, कोपर पडलं. जगातले श्रीमंत खेळ गेली चाळीस वर्षं जे काम लाखो डॉलरच्या कॅमेऱ्यांनी करताहेत, त्याचीच ही गावाकडची आवृत्ती. ती कितपत खरी आहे, कुठे फसते आणि तिच्यात आणखी काय करता येईल, हे बघण्यासाठी हा लेख.

आधी या दोन तालुक्यांविषयी. दौंड हे रेल्वेचं जंक्शन आहे आणि राज्य राखीव पोलीस दलाचंही गाव आहे. दलाचे पाच आणि सात क्रमांकाचे गट इथे आहेत, आणि भीमेकाठी नानवीजला दलाचं प्रशिक्षण केंद्र. राखीव दलाच्या भरतीत मैदानाला शंभर गुण असतात: पाच किलोमीटर धावण्याला पन्नास, शंभर मीटरला पंचवीस, गोळ्याला पंचवीस. लहानपणापासून खाकीतली माणसं बाजारात, फलाटावर, दवाखान्याच्या रांगेत दिसत असतील, तर वर्दी ही आकाशातली गोष्ट राहत नाही. शिरूरचं, म्हणजे घोडनदीचं, वर्दीशी नातं त्याहून जुनं. ब्रिटिशांची छावणी इथे होती. कोरेगावच्या लढाईतली तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरमधूनच निघाली होती. आज त्याच तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, दौंडमध्ये कुरकुंभची आहे, दोन्हीकडे ऊस आहे. म्हणजे काम नाही असं नाही. पण कंत्राटी कामगाराला मुलगी देताना बाप दहा वेळा विचार करतो आणि शिपायाला देताना एकदाच. २०२४ साली जी पोलीस भरती झाली तिच्यात सतरा हजारांवर जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांवर. मैदानात निम्मे गुण मिळवावे लागतात, आणि मग एका जागेमागे दहाजणांना लेखी परीक्षेला बोलावलं जातं. या गणितात गोळ्याचे तीन गुण म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सहज समजणार नाही.

म्हणून मोबाईल.

मोबाईलने नेमकं काय दिसतं? साधा व्हिडिओ सेकंदाला तीस चित्रं टिपतो. साडेआठ मीटर जाणारा गोळा हातातून सुटताना सेकंदाला साधारण आठ मीटर वेगाने निघतो. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत तो अर्ध्या हाताहून जास्त पुढे गेलेला असतो, सुमारे सत्तावीस सेंटिमीटर. गोळा सुटण्याचा नेमका क्षण या दोन चित्रांच्या मधे कुठेतरी हरवतो. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं मिळाली तर तेच अंतर साडेतीन सेंटिमीटरवर येतं, आणि मग बोटं शेवटी कशी सुटली तेही दिसतं. तुलनेसाठी, बेसबॉलच्या पिचरचा चेंडू ताशी दीडशे किलोमीटरने जात असेल, तर तीस चित्रांच्या व्हिडिओत तो दोन चित्रांमधे जवळजवळ दीड मीटर उडी मारतो. त्या खेळात साध्या कॅमेऱ्याचा उपयोग फार पूर्वीच संपला तो यामुळे. गोळाफेक त्या मानाने संथ, आणि आपल्या खिशातल्या फोनला झेपणारी.

अडचण प्रकाशाची आहे. सराव असतो पहाटे. स्लो मोशनला भरपूर उजेड लागतो, नाहीतर चित्र काळं आणि पुसट येतं आणि हात म्हणजे एक धुरकट पट्टा दिसतो. पाचला उठून सहाच्या आत काढलेला स्लो मोशन व्हिडिओ पाहण्यात वेळ घालवू नये. धावणं पहाटे करावं, गोळा आणि कॅमेरा सूर्य वर आल्यावर. तसंही शिरूरच्या ऊसपट्ट्यात आता अंधारात एकट्याने रस्त्यावर धावायला कुणाची छाती होत नाही. बिबट्याने तिथे लहान मुलांचे आणि म्हाताऱ्या माणसांचे जीव घेतलेत. घोळक्याने धावायचं, बॅटरी बरोबर ठेवायची, हे तिथल्या सरावाचे नियम आहेत, आणि ते कुठल्याही क्रीडाशास्त्राच्या पुस्तकात नाहीत.

दुसरी अडचण व्हॉट्सअ‍ॅपची. पोरगा पुण्यातल्या ओळखीच्या सरांना व्हिडिओ पाठवतो, व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून बारीक करतं, बारकावे पुसले जातात. सर तरीही सल्ला देतात, कारण सर सल्ला देणारच. व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. एवढी एक गोष्ट या लेखातून कुणी घेतली तरी पुष्कळ.

आता सगळ्यात आवडत्या विषयाकडे येऊ: अँगल. मैदानावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न हाच. सर, अँगल बघा ना. शाळेत शिकवलेलं असतं की पंचेचाळीस अंशांत फेकलेली वस्तू सगळ्यात लांब जाते. ते जमिनीवरून फेकलेल्या वस्तूला लागू आहे. गोळा सुटतो जमिनीपासून सुमारे दोन मीटर वरून, त्यामुळे उत्तम कोन आधीच खाली येतो. शिवाय माणसाचं शरीर तिरकं वर ढकलताना जितका जोर लावतं, त्याहून जास्त जोर थोडं आडवं ढकलताना लावतं. म्हणून जागतिक दर्जाचे खेळाडूही पस्तीस ते अडतीस अंशांच्या आसपास गोळा सोडतात.

पण खरी गंमत पुढे आहे. कागदावर गणित मांडून पाहा. गोळा १.९ मीटर उंचीवरून सेकंदाला ८.२ मीटर वेगाने आणि सदतीस अंशांत सुटला, तर तो साडेआठ मीटरच्या जरासा पुढे पडतो. कोन पाच अंशांनी चुकून बत्तीस झाला, वेग तोच राहिला, तर नुकसान पंधराएक सेंटिमीटरचं. आता कोन अगदी बरोबर ठेवा आणि वेग फक्त पाच टक्क्यांनी कमी करा. गोळा पावणेआठच्या थोडा पुढे पडेल. पासष्टहून जास्त सेंटिमीटर गेले. म्हणजे ज्या गोष्टीसाठी पोरं स्क्रीनवर रेघा ओढतात ती गोष्ट पंधरा सेंटिमीटरची, आणि जी स्क्रीनवर दिसतच नाही ती त्याच्या चौपट. अगदीच सपाट, वीस अंशांत सोडणाऱ्यांचा मीटरभर जातो हे खरं, त्यांना कोन सांगायलाच हवा. पण बाकीच्यांचं दुखणं वेगाचं आहे आणि वेग येतो पायातून.

मोबाईलबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. व्हिडिओत जे सहज दिसतं, तेच दुरुस्त करायचा मोह होतो. कोन दिसतो, कोपर दिसतं, चेहऱ्यावरचा ताण दिसतो. मागच्या पायाने जमीन किती जोरात ढकलली ते दिसत नाही, ते फक्त त्याच्या परिणामांवरून ओळखावं लागतं. ओळखणारा माणूस शेजारी नसेल तर मोबाईल पोराला महिनोन् महिने चुकीच्या गोष्टीमागे पळवू शकतो.

ओळखायचं कसं? फेकीचा क्रम बघून. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा उजवा पाय आधी वळतो, मग कंबर, मग छाती, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. हा क्रम जितका स्पष्ट, तितका प्रत्येक अवयव आधीच्या अवयवाचा वेग पुढे नेतो. घाईत हात आधी निघाला की मागचं सगळं वाया जातं. आणि डावा पाय पुढे टेकल्यावर तो खांबासारखा ताठ राहायला हवा. शरीराची पुढची धाव तिथे अडते आणि वर जाते. पुढचा गुडघा मोडला की गोळा चेपला म्हणून समजावं. हे स्लो मोशनमध्ये अगदी नवख्यालाही दिसतं, फक्त कुठे बघायचं ते सांगावं लागतं. आणखी एक: गोळा मानेला लावून ढकलायचा असतो. क्रिकेटच्या चेंडूची सवय असलेली पोरं तो खांद्यामागे नेऊन फेकतात. ती फेक बाद तर ठरतेच, पण सव्वासात किलोच्या वजनाने कोपर कायमचं धरतं.

पुढचा पाय ताठ, कंबर आधी, हात शेवटी. हीच तिन्ही वाक्यं अमेरिकेतला बेसबॉलचा प्रशिक्षक पिचरला सांगतो. बेसबॉल आपल्याकडे शालेय स्पर्धांच्या यादीत आहे, सॉफ्टबॉल तर महाराष्ट्रात चांगला रुजला आहे, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असल्याने ही नावं गावातल्या पालकांनाही परकी राहिलेली नाहीत. पण व्हिडिओचा खरा इतिहास बेसबॉलमध्ये घडला, म्हणून तो थोडक्यात सांगायला हवा.

सॅन दिएगो पाड्रेस संघाचा टोनी ग्विन हा त्याचा पहिला मोठा नायक. १९८३ च्या मोसमात त्याची बॅट नीट चालेना. त्याच्या बायकोने घरच्या व्हीसीआरवर सामने टेप केले होते. ते पाहताना स्वतःच्या फटक्यातली खोट त्याला स्वतःच सापडली. पुढे तो प्रवासातही व्हिडिओचं सामान बरोबर नेऊ लागला. सहकारी त्याला ‘कॅप्टन व्हिडिओ’ म्हणू लागले, त्यात कौतुकाइतकीच टिंगलही होती. तो वीस मोसम एकाच संघात खेळला, फलंदाजीचे आठ किताब आणि ३१४१ हिट त्याच्या नावावर आहेत. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की त्याने टेपवर दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही. स्वतःची चांगली खेळी आणि स्वतःचीच वाईट खेळी त्याने शेजारी ठेवली.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. २००८ साली ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा भारतात झाली. एका अमेरिकी एजंटला वाटलं की क्रिकेटवेड्या देशात जोरात चेंडू फेकणारे हात असतीलच. हजारो मुलांनी चेंडू फेकून पाहिला. निवडले गेले ते दोघेही क्रिकेटपटू नव्हते. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू होते. भदोही आणि वाराणसीकडच्या या पोरांनी तोवर बेसबॉल पाहिलाही नव्हता. त्यांना लॉस एंजेलिसला टॉम हाउस या प्रशिक्षकाकडे नेलं. हाउस हे पिचरच्या हालचाली वेगवान कॅमेऱ्याने टिपून त्यांचं विश्लेषण करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघाने दोघांशी करार केला. दिनेश लवकर परतला, रिंकूला दुखापतींनी गाठलं आणि पुढे तो कुस्तीच्या करमणुकीच्या रिंगणात गेला. वरच्या दर्जाच्या लीगपर्यंत दोघांपैकी कुणीच पोहोचलं नाही. यावर निघालेल्या सिनेमात ही विजयाची कथा आहे. मला ती व्हिडिओची मर्यादा सांगणारी कथा वाटते. भाल्याचा हात वर्षभरात चेंडूचा हात झाला, हे तंत्राचं यश. पण समोरच्या फलंदाजाच्या मनात काय चाललंय हे ओळखायला लहानपणापासून हजारो सामने खेळावे लागतात, आणि ते कुठल्याही कॅमेऱ्यातून शिकता येत नाही.

आज बेसबॉलमध्ये काय आहे ते ऐकून डोकं गरगरतं. २०२० पासून मेजर लीगच्या मैदानांवर हॉक आयचे बारा-बारा कॅमेरे आहेत. क्रिकेटच्या पायचीत निर्णयांत आपण जे पाहतो तेच तंत्रज्ञान, फक्त चेंडूबरोबर खेळाडूच्या सांध्यांचाही मागोवा घेणारं. पिचरचा खांदा फेकीच्या वेळी सेकंदाला सुमारे सात हजार अंशांच्या वेगाने फिरतो, हे अलाबामातल्या एका संस्थेच्या अभ्यासांतून जगाला कळलं. माणसाच्या शरीरातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ती एक. आणि तरीही कोपराचा अस्थिबंध तुटल्यावर होणारी शस्त्रक्रिया, जी १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा झाली, तिचं प्रमाण कमी झालेलं नाही. कॅमेऱ्याने वेग वाढवायला शिकवलं, कोपर मात्र पूर्वीचंच राहिलं. ह्यूस्टनच्या संघाने तर २०१७ च्या मोसमात कॅमेऱ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्या आणि कचऱ्याचा डबा बडवून फलंदाजाला कळवल्या. पन्नास लाख डॉलरचा दंड झाला. एवढं भारी तंत्रज्ञान आणि शेवटी डबा बडवायचा, हे वाचून शिरूरकरांना बरं वाटेल.

एका कॅमेऱ्यावर किती विश्वास ठेवावा, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शेजारच्या देशातल्या गोलंदाजाचं आहे. १९९५ च्या डिसेंबरात मेलबर्नला पंच डॅरेल हेअरने मुथय्या मुरलीधरनचे चेंडू ‘थ्रो’ म्हणून नो बॉल ठरवले. टीव्हीवर पाहणाऱ्या कोणालाही ते पटलं असतं, कोपर सरळ होताना चक्क दिसत होतं. पर्थच्या विद्यापीठात अनेक कॅमेऱ्यांनी तपासलं तेव्हा कळलं की त्याचा हात जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. वाकलेला हात फिरताना एका बाजूने पाहिला की तो सरळ होतोय असा भास होतो. पुढे आयसीसीच्या तपासणीत असंही दिसलं की ज्यांची शैली निर्दोष मानली जायची अशा गोलंदाजांचं कोपरही थोडंफार सरळ होतंच. २००५ पासून पंधरा अंशांची मर्यादा आली. म्हणजे जगभरच्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं एक कॅमेरा पाहिला आणि तो फसवत होता.

आता हाच मुद्दा आपल्या मैदानावर आणा. फेकणाऱ्याच्या थोडं पुढून, तिरका मोबाईल धरून काढलेल्या व्हिडिओत कोन नेहमी चुकीचा दिसतो.  आणि पोरं फोन फिरवत फिरवत गोळ्यामागे नेतात, जणू लग्नाचं शूटिंग चाललंय. त्यातून मोजण्यासारखं काहीही मिळत नाही. फोन स्थिर हवा, कमरेच्या उंचीवर हवा, फेकीच्या दिशेला अगदी काटकोनात हवा, आठ-दहा मीटर लांब हवा. तिपाई नसेल तर विटा रचाव्यात. फेकीच्या रेषेत एक मीटरची काठी उभी दिसेल अशी ठेवली की नंतर स्क्रीनवर अंतरं मोजता येतात. संगणक हाताशी असेल तर किनोव्हिया नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात कोन आणि वेग दोन्ही काढता येतात. हल्ली फोनवरच सांध्यांवर ठिपके ठेवून सांगाडा काढून दाखवणारी अ‍ॅप आली आहेत. ढगळ ट्रॅकपँटमध्ये गुडघा कुठे आहे हे त्यांना कळत नाही, ती अंदाज करतात आणि अंदाज आहे असं सांगत नाहीत.

या सगळ्यात धावण्याकडे दुर्लक्ष होतं, याचं मला वाईट वाटतं. गोळ्याला पंधरा गुण, धावण्याला वीस, पण धावण्याचा व्हिडिओ काढायला कुणाला सुचत नाही कारण तो बघायला कंटाळवाणा. पाच मिनिटं दहा सेकंदांत १६०० मीटर म्हणजे चारशे मीटरची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. बहुतेक पोरं पहिली फेरी सत्तरच्या आत मारतात आणि तिसरीत मरतात. घड्याळाने हे कळतंच. पण पहिल्या आणि चौथ्या फेरीत एकाच जागी, एकाच उंचीवर ठेवलेल्या फोनसमोरून जाताना काढलेले दोन तुकडे शेजारी ठेवून बघा. चौथ्या फेरीत मान मागे गेलेली असते, हात छातीसमोर आडवे येतात, आणि पाय शरीराच्या फार पुढे टेकून प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतो. ग्विनने केलं ते हेच: ताजा मी आणि थकलेला मी. याला कुठला जागतिक विजेता लागत नाही.

विजेत्यांचे व्हिडिओ उलट त्रास देतात. रायन क्राउझरने २०२३ मध्ये २३.५६ मीटरचा जागतिक विक्रम केला तो गोल फिरून. रीलवर तो पाहून आमची पोरं वर्तुळात गिरकी घेतात, तोल जातो, पाय बाहेर पडतो, फेक बाद. दोन मीटर तेरा सेंटिमीटरच्या वर्तुळात शंभर किलोंहून जास्त वजनाच्या माणसाने वर्षानुवर्षं कमावलेली गोष्ट आहे ती. साडेआठ मीटरसाठी ती लागत नाही. सरकत येऊन फेकण्याची जुनी पद्धत, आणि तीही जमत नसेल तर जागच्या जागी कंबर वळवून केलेली फेक, एवढ्यावर पूर्ण गुण मिळतात. नक्कलच करायची तर सांगलीकडच्या सचिन खिलारीची करावी. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये २०२४ साली त्याने १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्य मिळवलं, आणि तेही एका अधू हाताने तोल सांभाळत. त्याचा व्हिडिओ बघताना नजर आपोआप पायांकडे जाते.

व्हिडिओचा दुसरा उपयोग न्यायासाठी, आणि तिथे महाराष्ट्र चांगलाच पोळला आहे. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या लढतीत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ समोरासमोर होते. मोहोळला विजयी दिलं. राक्षेचं म्हणणं होतं की दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, व्हिडिओ पाहा. वाद वाढला, पंचाला लाथ बसली, पुढे अंतिम फेरीतही गोंधळ झाला आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. त्या रात्रीपासून नगर रस्त्यावरच्या प्रत्येक टपरीत तो तुकडा पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला गेला, आणि प्रत्येकाला त्यात आपल्या पैलवानाची बाजू दिसली. लाथेचं समर्थन कुणी करू नये. पण निर्णय देण्याआधी कोणत्या कोनातून, किती वेळा, कुणी बघायचं हे ठरलेलं नसेल तर व्हिडिओ भांडण मिटवत नाही, वाढवतो. पोलीस भरतीतही मैदानाचं चित्रीकरण होतं, धावण्याच्या वेळा पायाला बांधलेल्या चिपवर घेतल्या जातात. त्याने वशिल्याचा संशय पुष्कळ कमी झाला, हे मुलंही मान्य करतात. मात्र ते चित्रीकरण पुराव्यासाठी असतं. पोराने कुठे कमी पडलो हे शिकावं म्हणून ते नसतं.

जाता जाता बैलगाड्याविषयी, कारण शिरूरवर लेख लिहून शर्यतीच्या घाटाचं नाव न काढणं बरं दिसणार नाही. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि आता प्रत्येक घाट यूट्यूबवर थेट दिसतो. गाडामालक रात्री तो व्हिडिओ मागेपुढे करून कोणता बैल सुटताना मागे राहिला ते शोधतात. एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एका ओळीत कॅमेरे लावून धावत्या घोडीचे चारही पाय हवेत असतात हे सिद्ध केलं, तेव्हा हालचाल टिपून तिचा अभ्यास करण्याची सुरुवात जनावरापासूनच झाली होती. आमचे गाडामालक त्या परंपरेतले पक्के निघाले. बैलाच्या सुटण्याचा जितका अभ्यास होतो तितका घरातल्या पोराच्या सुटण्याचा व्हावा, एवढीच इच्छा.

मुलींविषयी वेगळं लिहायला हवं. भरतीत महिलांसाठी तीस टक्के जागा राखीव असल्याने गावोगावच्या अकॅडम्यांत मुली मोठ्या संख्येने येतात. त्यांच्या सरावाचे व्हिडिओ बहुतेकदा दुसऱ्याच्या फोनमध्ये निघतात: शिकवणाऱ्याच्या, सोबतच्या मुलाच्या. तिथून ते अकॅडमीच्या जाहिरातीत जातात, कुणाच्या तरी स्टेटसवर जातात, आणि एक दिवस घरी पोहोचतात. मग सराव बंद होतो. मुलीचा व्हिडिओ मुलीच्याच फोनमध्ये काढायचा, तो तिने दाखवला तरच दुसऱ्याने बघायचा, आणि जाहिरातीसाठी तिचं आणि ती लहान असेल तर घरच्यांचं लेखी हो घ्यायचं. यात तंत्रज्ञानाचा काही प्रश्न नाही. शिकवणाऱ्यांनी ठरवलं तर उद्यापासून होईल.

शिकवणारे कोण, हाही प्रश्न आहेच. कुणी निवृत्त फौजी, कुणी स्वतः दोन भरत्यांत थोडक्यात हुकलेला, क्वचित कुणी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला. त्यांची कळकळ खरी असते, पण हालचाल वाचायचं शिक्षण त्यांना कुणी दिलेलं नसतं. राज्य सरकारची तालुका क्रीडा संकुलांची योजना आहे. पुण्यात मुंढव्याला लष्कराची क्रीडा संस्था आहे, जिथे खेळाडूंच्या हालचालींचं शास्त्र रोजच्या वापरात आहे. दौंडला तर राखीव दलाचे स्वतःचे मैदानी प्रशिक्षक बसलेले आहेत. या सगळ्यांना एकत्र आणून गावच्या शिकवणाऱ्यांसाठी वर्षातून दोन दिवसांचा वर्ग घेणं हे जिल्हा क्रीडा कार्यालयाला अवघड नाही. महागडे कॅमेरे घेऊ नयेत, ते कपाटात पडतील. प्रत्येक तालुका संकुलात गोळाफेकीच्या वर्तुळाला काटकोनात दहा मीटरवर एक सिमेंटचा खांब, कमरेच्या उंचीला त्यावर फोन अडकवायची खाच, आणि फेकीच्या रेषेत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मीटरची काठी. खर्च ग्रामपंचायतीच्या एका कमानीपेक्षा कमी येईल. शिरूर आणि दौंडच्या लोकप्रतिनिधींपैकी कुणी हे वाचत असेल, तर पुढची भरती निघायच्या आत तेवढा खांब उभा करावा.